आपली चूक आधी वाचून दाखवणाऱ्या ढोके मॅडम

प्रा. कुसुमताई ढोके यांची आणि माझी पहिली ओळख झाली ती कानांनी. यवतमाळच्या आमच्या कॉलेजात समाजशास्त्राच्या वर्गाला गुन्हेगारीशास्त्राचा एक पेपर होता. मॅडम तो सांगत आणि आम्ही साठ-सत्तर जण माना खाली घालून वहीत उतरवून घेत असू. सांगण्याचा वेग असा नेमका, की हात दुखायचा पण शब्द सुटायचा नाही. पहिले पंधरा दिवस मी मॅडमचा चेहरा नीट पाहिलाच नव्हता. एकदा बसस्टँडवर कुणीतरी मागून 'जरा सरकता का' म्हणालं, तेव्हा आवाजावरून मी दचकून उभा राहिलो आणि खिशातला पेन चाचपला.

मॅडमच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात मी लिहावं, असं संपादक मंडळानं कळवलं. मी आधी मॅडमना विचारायला गेलो. त्यांनी निमंत्रणपत्रिकेचा कच्चा मसुदा समोर ठेवला. त्यातला 'थोर' हा शब्द त्यांनी खोडला होता, 'व्यासंगी' हा ठेवला होता. मला म्हणाल्या, नोट्सची गोष्ट लिहिणार असशील तर लिही, नाहीतर तुझा लेख नको. मॅडमचं ऐकण्याची सवय आहे, म्हणून ती गोष्ट लिहितो. आणि खरं सांगायचं तर मला मॅडमबद्दल जो अभिमान वाटतो, तो त्याच गोष्टीतून निघालेला आहे. पदव्या आणि पारितोषिकं इतर लेखक लिहितीलच.

'ढोके मॅडमच्या नोट्स' हे नाव त्या काळात वणीपासून पुसदपर्यंत माहीत होतं. बसस्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानांत त्या बांधून मिळत. आमच्या कॉलेजचीच नव्हे, तर पोलीस भरतीची आणि फौजदारकीची तयारी करणारी मुलंही त्या पाठ करत. त्यातलं तिसरं प्रकरण 'जन्मजात गुन्हेगार' या नावाचं होतं. दीडेकशे वर्षांपूर्वी इटलीतल्या एका डॉक्टरनं कैद्यांची डोकी मोजली आणि गुन्हेगार हा जन्मतःच वेगळा असतो असं ठरवलं. पुढे आलेला जबडा, मोठे कान, दाट भुवया अशी लक्षणं त्यानं दिली. त्या प्रकरणाच्या शेवटी इंग्रजांच्या काळातल्या 'गुन्हेगार जमातीं'ची यादी होती. परीक्षेला नावं विचारतात, नीट अधोरेखित करा, असं मॅडमनी सांगितलं होतं.

त्या यादीत बंजारा हे नाव होतं. मी राळेगाव तालुक्यातल्या तांड्यावरचा बंजारा. आमच्या पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहून नेलं. आता आम्ही कापूस आणि तूर पिकवतो. मी ते नाव लाल शाईनं अधोरेखित केलं, पाठ केलं आणि सहामाही परीक्षेत लिहून चांगले गुण मिळवले. ते गुण घरी आईला दाखवले. आईनं देवापुढे साखर ठेवली. यात काही चमत्कारिक आहे, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

मॅडम या विषयाकडे कशा वळल्या, हे इथे सांगायला हवं. त्यांचा जन्म घाटंजीचा. आईवडिलांनी बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हा मॅडम पाच-सहा वर्षांच्या होत्या. वडील तालुक्याच्या कोर्टात पट्टेवाले होते. शाळा सुटली की कुसुम त्यांचा डबा घेऊन जाई आणि वडील जेवेपर्यंत कोर्टाच्या मागच्या बाकावर बसे. पुकारा करणारा आवाज वडिलांचा, आणि पुकारा झाल्यावर पिंजऱ्यात येणारी माणसं बहुतेक वस्तीतली, नाहीतर कोलामांच्या पोडावरची किंवा बंजाऱ्यांच्या तांड्यावरची. तिला प्रश्न पडे की गावातली मोठी माणसं कधीच काही चुकीचं करत नाहीत का. वडिलांना विचारलं तर ते म्हणत, हे पुस्तकात असेल, शिकशील तेव्हा कळेल. म्हणून त्या शिकल्या. नागपूरला राहून शिकल्या, पहिल्या आल्या, तिथेच नोकरी मिळत असताना यवतमाळला परत आल्या. पुस्तकात उत्तर असेल यावर त्यांचा फार विश्वास होता, आणि पुढच्या चुकीचं मूळ त्या स्वतःच या विश्वासात शोधतात.

मी बीएच्या शेवटच्या वर्षाला असताना आमच्या शेजारच्या गावात शेतातल्या मोटरपंपाची वायर चोरीला गेली. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी माझ्या मामांना घरून उचलून नेलं. गुलाब राठोड हे माझ्या आईचे धाकटे भाऊ. चार एकर कोरडवाहू, दोन बैल, आणि अंगात इतका भिडस्तपणा, की लग्नात पंगतीला बसायलासुद्धा त्यांना दोनदा बोलवावं लागतं. चोरी झाली त्या रात्री ते आमच्या घरी होते. माझ्या बहिणीचा साखरपुडा होता, आमच्यात गूळ वाटून तो पक्का होतो, आणि गूळ वाटण्याचं काम मामांकडेच होतं. सगळ्या तांड्यानं त्यांच्या हातचा गूळ खाल्ला होता.

मी ठाण्यावर गेलो. तिथले फौजदार आमच्याच कॉलेजचे माजी विद्यार्थी निघाले. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा सांगितला. मामा कोपऱ्यात उकिडवे बसलेले, कुणी त्यांना मारलं नव्हतं. फौजदार साहेबांना त्याचाच अभिमान होता. ते मला समजावून सांगू लागले, अगदी मोठ्या भावासारखे.

"हाणामारीचे दिवस गेले आता. आपन शास्त्रानं चालून राह्यलो. भुवया पाह्य त्याच्या, जबडा पाह्य. आन तांड्यावरचा हाये. तू ढोके मॅडमचाच विद्यार्थी ना? मंग तुले तं सांगाले नको पाहिजे."

असं म्हणून त्यांनी टेबलाचा खण उघडला आणि मॅडमच्या नोट्स काढून माझ्यापुढे ठेवल्या. कडा मऊ पडलेल्या, खूप वापरलेल्या. साखरपुड्याचं मी सांगितलं. ते म्हणाले, नातेवाईक असंच सांगणार. मामा माझ्याकडे पाहत होते. भाचा शिकलेला आहे, तो काहीतरी बोलेल, असं त्यांना वाटत असावं. मी काही बोलू शकलो नाही, कारण पान उघडून त्यांनी जे दाखवलं ते मलाही तोंडपाठ होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी यवतमाळला गेलो आणि थेट मॅडमच्या घरी. त्या अंगणात तूर निवडत बसल्या होत्या. मी वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली आणि काय झालं ते सांगितलं. त्यांनी पान वाचलं. लाल रेघेवर त्यांची नजर थांबली.

"हे तुझं नाव आहे ना रे?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, तुम्ही सांगितलं, मी लिहिलं. रागानं नव्हतो म्हणालो. ती वस्तुस्थिती होती. पण मॅडमच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा आणि शेवटचं भय पाहिलं ते तेव्हा. त्या उठून आत गेल्या आणि ज्या पुस्तकावरून त्या शिकल्या होत्या ते जुनं पाठ्यपुस्तक घेऊन आल्या. यादी त्यात होती. तळटीप होती. तळटिपेत आणखी जुन्या पुस्तकाचं नाव होतं, आणि त्या पुस्तकाचा आधार होता इंग्रज सरकारच्या कुठल्याशा अंमलदाराचा अहवाल. त्या अंमलदारानं कुणाला विचारून ती यादी केली, हे कुठेच नव्हतं. तो कायदा स्वातंत्र्यानंतर रद्द झाला, जमाती विमुक्त झाल्या, हे मॅडमना माहीत होतं. वर्गात त्या तेही एका ओळीत सांगत. पण यादी मात्र तशीच पुढे चालत आली होती, एका शिकलेल्या माणसाकडून दुसऱ्याकडे, आणि शेवटी माझ्या वहीत.

इटलीच्या डॉक्टरचंही तेच. त्याच्यानंतर इंग्लंडमध्ये एका तुरुंगाच्या डॉक्टरनं कैद्यांची मोजमापं साध्या माणसांच्या मोजमापांशी ताडून पाहिली, आणि वेगळं असं काही निघालं नाही. हा भाग मॅडमच्या नोट्समध्ये नव्हता. पाठ्यपुस्तकात तो पुढच्या प्रकरणात होता, आणि ते प्रकरण अभ्यासक्रमाला नव्हतं.

मॅडमनी सुपातली तूर तशीच ठेवली, चपला घातल्या आणि माझ्याबरोबर राळेगावच्या एसटीत बसल्या. ठाण्यात त्यांना पाहून फौजदार साहेब उठले, पाया पडायला वाकले. मॅडमनी त्यांना वाकू दिलं नाही. वर्गात मॅडम पुस्तकी मराठी बोलत. त्या दिवशी शिपायांसमोर, लिहिण्याच्या टेबलाशी उभ्या राहून त्या घाटंजीच्या बोलीत बोलल्या.

"हे म्या शिकवलं तुले. चूक शिकवलं. म्या तपासलं नाही आन तुमच्या वह्यात घातलं. या मानसाच्या भुवयांवर त्याले बसवून ठेवलं असन, तं चोरी माही हाये, त्याची नाही."

फौजदार म्हणाले, "मॅडम, तुम्हीच तं मले या प्रश्नाले पैकीच्या पैकी गुण देलते."

मॅडम म्हणाल्या, "देलते. ते बी चुकलं."

फौजदार साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी दोन शिपाई आमच्या तांड्यावर पाठवले, साखरपुड्याची चौकशी केली, आणि दुपार कलायच्या आत मामांना जायला सांगितलं. पण तोवर मामांचं नाव संशयितांच्या रजिस्टरात चढलं होतं. ते काढता येईल का, असं मॅडमनी विचारलं. चढवलेलं नाव काढायची पद्धत नाही, असं उत्तर मिळालं. मामांना त्या रजिस्टराचं काही विशेष वाटलं नाही, सुटलो हेच त्यांना खूप होतं. ते नाव पुढे काय करणार आहे हे त्या दिवशी फक्त मॅडमना कळलं होतं. परतीच्या एसटीत त्या मला म्हणाल्या, हे नाव निघेपर्यंत हे प्रकरण संपलं असं मी म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडम वर्गात हात हलवत आल्या. आम्ही पेनांची टोपणं काढून तयार. त्या म्हणाल्या, तिसरं प्रकरण उघडा. मग ठाण्यात काय झालं ते, नाव न घेता, सगळं सांगितलं. मागच्या बाकावरचा एक जण पानं फाडायला लागला. मॅडमनी त्याला थांबवलं. फाडू नका, आडवी रेघ मारा आणि समासात लिहा, 'ढोके मॅडमची चूक'. सत्तर मुलांनी ते लिहिलं. माझी ती वही माझ्याकडे अजून आहे.

त्यानंतरची त्यांची पहिली मोहीम म्हणजे झेरॉक्सची दुकानं. त्या स्वतः दुकानादुकानांतून फिरल्या. एका दुकानदारानं सरळ सांगितलं, मॅडम, पोट्टे जुन्याच मागतात, नव्यात प्रश्न सुटत नाहीत. मॅडमनी त्याच्याशी वाद घातला नाही, रोज संध्याकाळी त्याच्या काउंटरशी उभं राहायला लागल्या. नोट्स मागायला आलेल्या प्रत्येक मुलाला त्या स्वतःच सांगत की या घेऊ नको, चुकीच्या आहेत. आठवड्याभरात दुकानदारानं जुनी मूळ प्रत त्यांच्या हवाली केली. पण गावोगाव गेलेल्या प्रती कोण गोळा करणार? आता मीही हाच विषय शिकवतो, आणि अजूनही भरतीचा एखादा उमेदवार माझ्याकडे त्या जुन्या नोट्स घेऊन येतो. मी मॅडमना सांगत नाही.

याच सुमारास एक पद्धत सुरू झाली. ती मी इतरत्र कुठे पाहिलेली नाही. जूनमध्ये कॉलेज उघडलं की मॅडमचा पहिला तास असे तो 'चुकांचा तास'. गेल्या वर्षी आपण काय चुकीचं शिकवलं, ते त्या कागदावरून वाचून दाखवत. एखादं वर्ष कुठल्या कायद्याचा अर्थ चुकलेला असे, एखादं वर्ष एखाद्या मुलीच्या प्रश्नाला घाईनं दिलेलं उत्तर. त्यानंतर त्या शास्त्राचा इतिहास शिकवत, आणि तोही चुकांचाच. आधी माणसं म्हणत, गुन्हा म्हणजे पाप, अंगात भूत शिरतं. मग युरोपातले विचारवंत म्हणाले, माणूस सुखदुःखाचा हिशेब करून वागतो, शिक्षा गुन्ह्याच्या मानानं असावी. मग आला डोकी मोजणारा डॉक्टर. मग वस्त्या, दारिद्र्य, शाळा, शेजार पाहणारे आले. आणि मग असं विचारणारे आले, की एखाद्याला चोर म्हणायचं कुणी ठरवलं, आणि तसं म्हटल्यावर त्या माणसाचं काय झालं. मॅडम सांगत, यातला प्रत्येक जण हुशार होता. म्हणून तर भीती वाटते.

डोकी मोजण्याचा धडा तर जिल्ह्यात गाजला. मॅडमनी बाजारातल्या शिंप्याकडून मोजपट्टी आणली आणि आमची, शिपायाची, स्वतःची आणि खुद्द प्राचार्यांची डोकी मोजवली. मग जुन्या नोट्समधली लक्षणं एकेकाला लावून पाहिली. सर्वांत जास्त लक्षणं प्राचार्यांमध्ये सापडली. प्राचार्य दिलदार होते, मोठ्यानं हसले. पण नंतर त्यांनी मॅडमना बाजूला घेऊन आपले कान खरंच मोठे आहेत का असं विचारलं, हे आम्ही खिडकीतून ऐकलं. दुसऱ्या एका तासाला मॅडमनी टेबलावर ओंजळभर मोहफुलं टाकली आणि विचारलं, हा गुन्हा आहे का? पोरं हसली. मग त्या सांगत गेल्या, की ही फुलं घरात ठेवणं पिढ्यानपिढ्या चालत होतं, दारूबंदीचा कायदा आला आणि पोतंभर ठेवणारा आरोपी झाला. फुलं तीच, माणूस तोच. मग आपलं शास्त्र नक्की कशाचा अभ्यास करतं, माणसाचा की कायद्याचा? आणि ज्याचा विषयच सरकारी राजपत्रानं बदलतो, त्याला शास्त्र म्हणावं का? उत्तर मॅडम कधी देत नसत. त्यांचं म्हणणं एवढंच, की आपली चूक कुठे झाली हे लिहून ठेवणारा विषय शास्त्र होऊ शकतो, बाकीचे नाही. आजकाल गाइडं वाचून शिकवणारे काही सहकारी हा प्रश्न 'अभ्यासक्रमाबाहेरचा' म्हणून टाळतात, त्यांनी एकदा मॅडमच्या समोर बसून तो टाळून दाखवावा.

मॅडम प्रेमळ आहेत, पण प्रेमळ दिसत नाहीत. कौतुक काटकसरीनं करतात, चहात साखर मात्र हात सैल सोडून घालतात. मुकुटबनच्या बाजूची एक कोलाम मुलगी वसतिगृहातून अचानक घरी निघून गेली, तेव्हा मॅडम तीनदा एसटीनं तिच्या पोडावर गेल्या. पहिल्या दोन खेपांना बाप भेटलाच नाही. तिसऱ्या खेपेला भेटला, तर मॅडमनी शिक्षणाचं महत्त्व वगैरे काही सांगितलं नाही. मुलीनं लिहिलेला निबंध त्याला वाचून दाखवला. निबंध बापावरच होता. मुलगी परत आली. आज ती शिक्षिका आहे, आणि या ग्रंथात तिचा लेख माझ्या लेखाच्या आधी लागला आहे, ते योग्यच आहे.

आता माझी चूक सांगतो. एम.ए.ला मी लघुप्रबंधासाठी तालुक्यातल्या चोऱ्या आणि संशयित हा विषय घेतला. कॉलेजच्या पत्रावर रीतसर परवानगी मिळाली आणि मी ठाण्यात बसून जुनी रजिस्टरं चाळू लागलो. मामांचं नाव सापडलं. एकदा नाही, प्रत्येक चोरीपाशी. शेळी गेली, गुलाब राठोड. शाळेची घंटा गेली, गुलाब राठोड. कापसाचं गाठोडं गेलं, गुलाब राठोड. प्रत्येक नोंदीपुढे एकच वाक्य होतं, 'विचारपूस केली, काही आढळले नाही'. मामांनी यातलं घरी कुणाला सांगितलं नव्हतं. एवढ्या भिडस्त माणसाला दर वेळी शिपायाबरोबर भर गावातून चालत जावं लागत होतं, आणि आम्हाला पत्ता नव्हता.

मला लाज वाटली. कुणाची, ते तेव्हा नीट कळलं नाही. मी तक्ता केला, आणि त्यातून मामांचा तांडाच वगळला. मामांची एकही नोंद घेतली नाही. तक्ता छान दिसत होता, बेरजा जुळत होत्या. मॅडमकडे नेऊन दिला. दोन दिवसांनी त्यांनी तो परत केला. वर पेन्सिलनं लिहिलं होतं, 'एक माणूस कमी आहे.'

मी म्हणालो, मॅडम, ते माझे मामा आहेत, तक्त्यात कसे घालू? मॅडम शांतपणे म्हणाल्या, मी तुझ्या वहीत एक नाव तपासल्याशिवाय घातलं, आणि तू तपासलेलं नाव काढून टाकलंस, दोन्ही एकच. मग म्हणाल्या,

"तू लाजून त्यांना वगळशील, तर त्यांच्या बाजूचा एकमेव पुरावा तुझ्या हातानं जाईल."

मला पहिल्यांदा समजलंच नाही. मग समजलं. इतक्या वेळा विचारपूस, आणि इतक्या वेळा काही आढळलं नाही. पोलिसांच्याच हस्ताक्षरात लिहिलेलं. मी परत ठाण्यात गेलो आणि मामांची एकूण एक नोंद उतरवून आणली. रजिस्टर गावातल्या चोऱ्यांची मोजणी करत नाही, पोलीस कुठे जातात त्याची मोजणी करतं, हा माझ्या प्रबंधाचा निष्कर्ष त्यातून निघाला. आज मी जे काही शिकवतो, त्याचा पाया तोच आहे.

मॅडमनी त्या तक्त्याच्या आधारे पोलीस अधीक्षकांकडे अर्ज केला, की हे नाव रजिस्टरातून कमी करावं. पहिल्या अर्जाला उत्तर आलं नाही. दुसऱ्याला आलं, की बाब तपासून पाहण्यात येईल. साहेब बदलत गेले. नवीन साहेब आले की मॅडम पिशवीत तक्ता घालून निघत आणि पहिल्यापासून सांगत. मॅडम निवृत्त झाल्या, गुडघ्यांनी साथ सोडली, पण अर्ज काही निवृत्त झाला नाही. मधली काही वर्षं मीच कंटाळलो होतो. मामांनीही एकदा त्यांना म्हणून पाहिलं, "राहू द्या ना याडी, कायले तरास घेता." याडी म्हणजे आमच्या गोर बोलीत आई. मामा मॅडमहून चार-पाच वर्षांनीच लहान आहेत, पण ठाण्यातल्या त्या दिवसापासून त्यांना याडीच म्हणतात.

शेवटी मॅडमनी त्या जुन्या फौजदारांना शोधून काढलं. तेही आता निवृत्त, यवतमाळातच राहतात. मॅडमनी त्यांना काही मागितलं नाही, फक्त तक्ता दाखवला. त्यांनी सगळ्या नोंदी बोट ठेवून वाचल्या. मग कागद मागितला आणि स्वतःच्या हातानं लिहून दिलं, की हे नाव मी पुराव्याशिवाय, केवळ चेहरा आणि समाज पाहून चढवलं, ती माझी चूक होती. खाली सही केली. मॅडम म्हणाल्या, अर्धी माझी लिही. त्यांनी लिहिलं नाही. या ग्रंथाच्या समारंभाला ते येणार आहेत, आणि त्यांना पहिल्या रांगेत बसवावं असा मॅडमचा आग्रह आहे.

त्या कागदानंतर, गेल्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत, मामांचं नाव कमी झाल्याचं पत्र आलं. वीस वर्षांवर काळ गेला होता. मी ते पत्र मामांना वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. मला वाटलं, फार उशीर झाला, आता याचा त्यांना काय उपयोग. मॅडमनाही तसंच वाटत होतं. त्या मला म्हणाल्या, माझी चूक दुरुस्त झाली एवढंच, त्यांचं आयुष्य काही परत आलं नाही.

महिन्याभरानं मी मॅडमकडे बसलो होतो, तेव्हा त्यांचा फोन वाजला. मामा होते. मॅडमना ऐकायला कमी येतं, म्हणून त्यांनी फोनचा आवाज मोठा केला. मामांचा आवाज कधी नव्हे तो घाईत होता.

"याडी, गावात चोरी झाली. पाटलाच्या मळ्यातली मोटर गेली. सारं गाव पाहाले गेलतं. म्या बी गेलतो. आतापर्यंत चोरी झाली का म्या घरातच बसून राहो, दार उघडं ठेवून. आज समद्यायच्या संगं उभा राह्यलो, मोटर कोठून काढली ते पाह्यलं. मले कोनी काही म्हनलं नाही."

मॅडमना बोलता आलं नाही. त्यांनी फोन माझ्याकडे दिला, मलाही बोलता आलं नाही. मामांना वाटलं फोन कट झाला, म्हणून ते आणखी मोठ्यानं बोलू लागले. प्राध्यापक ढोके मॅडमना त्यांच्या पंचाहत्तरीला आम्हा सगळ्या विद्यार्थ्यांतर्फे काय शुभेच्छा द्याव्यात, याचा मी आठवडाभर विचार करतो आहे. दीर्घायुष्य, आरोग्य, गुडघ्यांना आराम, हे सगळं मनापासून आहेच. पण त्या दिवशी फोनवर मामा जे म्हणाले, त्याहून चांगलं मला लिहिता येणार नाही.

"याडी, आयकून राह्यल्या ना? तुमी तब्येत सांभाळा. तुमाले अजून लय जगायाचं हाये."